यजमानाचे कान

आमच्या कुरेहाता गावात सुतक कानातून शिरतं. घरात माणूस गेला तर प्रश्नच नाही, ते डोळ्यांसमोर असतं. पण नातलग परगावी गेला असेल, तर जोवर कोणी तोंडाने सांगत नाही तोवर सुतक लागत नाही. माझ्या सासऱ्यांच्या ओळखीतल्या एका सुताराचा भाऊ ब्राझीलला जाऊन वारला. बातमी बोटीने यायला सहा वर्षं लागली. सुताराने सहा वर्षांनी सुतक धरलं आणि पुरतं वर्षभर पाळलं. मधल्या काळात तो भावाला दर नव्या वर्षाच्या शुभेच्छा पाठवत होता, आणि त्यात कोणाला काही वावगं वाटलं नाही.

शाळेतले नवे मास्तर हे ऐकून हसतात. हसू देत. त्यांच्या घरी देव राहायला येत नाही.

आमचा मिझुवाके हा पाणी वाटून देणारा देव. देऊळ जुनं आहे, इतकं जुनं की दारातला देवदार आधीचा की देऊळ आधीचं, यावरून गावातले दोन म्हातारे मरेपर्यंत एकमेकांशी बोलत नव्हते. पण देव स्वतः वर्षभर मानकऱ्याच्या घरी राहतो, एका लाकडी पेटीत, पांढऱ्या कापडाखाली. मानकऱ्यांची घरं चौदा. भात कापून झालं की उत्सव होतो, त्या दिवशी पेटी देवळात जाते, पूजा होते, आणि संध्याकाळी पुढच्या घराच्या मांडीवर बसते. ज्याच्या घरी देव, तो यजमान. त्याने वर्षभर मयताला जायचं नाही, सुतकाच्या घरची पायरी चढायची नाही आणि रडायचं नाही. देव पाण्याचा असला तरी डोळ्यांतलं पाणी त्याला चालत नाही. ते त्याने वाटलेलं नसतं, असं जुनी माणसं सांगतात.

त्या वर्षी यजमान होता तामेकिची, आणि त्याचं सगळं घरदार टांगणीला लागलेलं होतं.

कारण असं. चौदा वर्षांनी एकदा पाळी येते. तामेकिची लहान असताना त्याच्या घरी पाळी आली, आणि उत्सव तोंडावर असताना त्याचा बाप शेताच्या बांधावर बसल्या बसल्या गेला. देव घाईघाईने पुढच्या घरी न्यावा लागला. पुढची पाळी आली तेव्हा लढाई चालू होती आणि तामेकिची मांचुरियात होता. त्याची आई कोमायोकाकू मानकऱ्यांसमोर जाऊन म्हणाली, "मी सांभाळते देव." मानकरी म्हणाले, बायकांना चालत नाही. ती परत आली, आतली खोली धुऊन काढली, नव्या चटया टाकल्या आणि वर्षभर तिथे कोणाला झोपू दिलं नाही. देव काही आला नाही.

तीन पाळ्या हुकल्या की मानकऱ्यांच्या रांगेतलं त्या घराचं आसन उचलतात. खालची घरं एकेक जागा वर सरकतात आणि त्या घराला देव पुन्हा कधी विचारत नाही. ही तिसरी पाळी होती. तामेकिचीच्या लगेच खालचं आसन होतं गेंगोचं, आणि गेंगो नि तामेकिची यांच्यात पाटाच्या पाण्यावरून विस्तव जात नव्हता.

आता माझं सांगते. मी तोकिए. देवळाच्या कमानीसमोरचं तोफूचं दुकान माझं, आणि गावातला एकुलता एक फोन माझ्या दुकानात. कोणाचाही फोन आला की मीच त्याला हाक मारते. त्यामुळे चार गोष्टी कानांवर पडतात, आणि पडल्या की त्या तिथेच ठेवून मला करायचंय काय? पाठीमागे मला रेडिओ म्हणतात. रेडिओ निदान बातम्यांनंतर बंद तरी होतो, असंही कोणीतरी म्हणालं होतं. तो गेंगो.

कोमायोकाकू उन्हाळ्यापासून खंगत चालली होती. भात कापणीला आलं तसं तिला उठवेना. एक दिवस तिने जाहीर केलं की दात दाखवायला शहरात लेकीकडे जाते. तिच्या तोंडात एकही दात नव्हता. तामेकिचीने "बरं" म्हटलं. गाडी फक्त गेंगोकडे, तीनचाकी टेम्पो, म्हणून गेंगोलाच सांगावं लागलं. तामेकिचीने आईला पाठीवर घेऊन माझ्या दुकानापर्यंत आणलं. दोघं वाटभर दातांबद्दलच बोलत होते.

"वरचे दुखतात की खालचे?" त्याने विचारलं.

"वरचे," ती म्हणाली. "लागेल थोडा वेळ. तू देवाकडे बघ."

त्याने तिला टेम्पोत बसवलं, गुडघ्यांवर गोधडी टाकली आणि मागे वळून न बघता घरी गेला. मग काकूने मला बोटाने जवळ बोलावलं.

"तोकिए, फोन येईल तो तुझ्याकडेच येईल."

"काही नाही येत फोन. तुम्ही बऱ्या होऊन याल."

"मी उत्सवापर्यंत दम धरायचं बघते. पण माझं काही खरं नाही. तुझंही नाही. देव घराबाहेर पडेपर्यंत तोंडाला कुलूप घाल."

"मी काय गावभर सांगत फिरते का, काकू?"

तिने गेंगोकडे बघितलं. गेंगोने माझ्याकडे बघितलं. "चल रे," ती म्हणाली, आणि टेम्पो फटफटत निघून गेला.

गेंगोला काकूने अंगावर पाजलं होतं. त्याच्या आईला दूध नव्हतं, आणि तामेकिची तेव्हा तान्हा होता. एकाच छातीवर वाढलेले हे दोघे चाळिशीला येऊन पाटाचं पाणी अडवणाऱ्या फळीवरून भांडत होते. फळी रात्री कोणीतरी उचलतं आणि पाणी गेंगोच्या शेतात जातं, असं तामेकिचीचं म्हणणं. पाण्याला उतार कळतो, असं गेंगोचं.

उत्सवाच्या आधीचे शेवटचे दिवस यजमान कडक सोवळ्यात असतो. आतल्या खोलीत देवाच्या पेटीसमोर एकटा, चूल वेगळी, अन्न स्वतः शिजवलेलं, पहाटे नदीत स्नान. दुसऱ्याच्या विस्तवावरचं काही खायचं नाही, तोफू सोडून. तोफूचं काय, हा प्रश्न माझ्या सासऱ्यांच्या काळी निघाला होता आणि देवाला तोफू चालतो असा निकाल लागला. त्या वर्षीचा यजमान पुजाऱ्याचा मेहुणा होता. तेव्हापासून रोज सकाळी आमच्या दुकानातून एक वडी यजमानाच्या ओसरीवर जाते.

मी रोज जायची. कागदी दाराबाहेर वाडगा ठेवून पाण्याची, सोयाबीनच्या भावाची, कोणाच्या सुनेची, सगळी खबरबात सांगायची. आतून तामेकिची एवढंच विचारायचा, "फोन आला का?"

"आला. पेज खाते म्हणाली हिसायो. दातांचं चाललंय."

"बरं."

हिसायो त्याची धाकटी बहीण, शहरातली. तिचा फोन आला त्या सकाळी मी पाणी निथळायला तोफूवर दगड ठेवत होते.

"तोकिएकाकू, तुम्ही एकट्याच आहात ना?"

"एकटीच आहे." गेंगो समोर उभा होता, पण गेंगो म्हणजे काही कोणी नव्हे.

"आई गेली. पेज भरवत होते. अळणी आहे म्हणाली, आणि गेली."

मी रिसीव्हर कानाशी घट्ट धरला.

"ऐकताय ना? दादाला सांगू नका. वहिनीलाही नाही. देव घराबाहेर पडला की मला फोन करा, तोवर मी तिला इथेच ठेवते. बर्फ सांगितलाय. आणि काकू, तुम्ही..."

"मी काय?"

"काही नाही. पण तुम्ही जरा..."

"फोन ठेव, हिसायो," मी म्हटलं, आणि मीच ठेवला. गेंगोने माझ्या तोंडाकडे बघूनच ओळखलं होतं. तो दुकानाच्या पायरीवर बसला. बऱ्याच वेळाने म्हणाला, "तुझा दगड सरकलाय." बघितलं तर सगळा तोफू एका अंगाला चेपला होता.

आम्ही दोघं पुजारीबुवांकडे गेलो. पुजारीबुवांना निर्णय देणं आवडत नाही. निर्णय दिला की निम्मं गाव बोलायचं थांबतं, असा त्यांचा अनुभव. त्यांनी आम्हाला चहा दिला, स्वतः घेतला, आणि विचारलं, "त्याला कोणी सांगितलंय?"

"नाही."

"मग त्याला सुतक नाही. उत्सव होईल."

"आणि त्याच्या मनात आलं तर?" मी विचारलं. "तो काही खुळा नाही."

"मनात आलेल्याचं सुतक धरायचं तर गावात एक माणूस सोवळा सापडायचा नाही. शब्द कानावर पडला पाहिजे."

गेंगो इतका वेळ कपातल्या चहाकडे बघत होता. "बुवा, दुधाचं सुतक असतं का?"

"कसलं?"

"मी तिचं दूध प्यायलोय. उत्सवाला देव माझ्याकडे यायचाय."

पुजारीबुवांनी डोळे मिटले. मला वाटलं झोपले. "नाही," ते शेवटी म्हणाले. "दुधाचं सुतक नाही. पण मयताच्या घरात पाऊल टाकलंस, तर देव तुझ्याकडे येणार नाही. आणि तुझ्यानंतरचा अजून शहरात नोकरीला आहे."

"आणि देव आल्यावर?"

"मग वर्षभर नाहीच."

"म्हणजे आता नाही, आणि नंतरही नाही," गेंगो म्हणाला.

"तसंच," पुजारीबुवा म्हणाले आणि त्यांनी आणखी चहा ओतला.

मी ही बातमी त्या दोघांखेरीज कोणाला सांगितली नाही. तरीही दुपारपर्यंत तामेकिचीचं घर सोडून अख्ख्या गावाला कळलं होतं. हे कसं झालं, मला सांगता येणार नाही.

पण एक मात्र खरं, गाव शहाण्यासारखं वागलं. आयुष्यात पहिल्यांदा वागलं. तामेकिचीच्या घरासमोरून जाताना माणसं हवामानावर मोठमोठ्याने बोलायची, म्हणजे दुसरं काही तोंडातून निसटायला नको. माळीणबाई रस्त्यात रडू फुटलं म्हणून कांदे विकत घेऊन कापायला बसली, रस्त्यातच. तामेकिचीची बायको मासुए उत्सवाच्या अळकुड्या सोलायला बायका बोलवायला निघाली, तर कानांत कापूस. विचारलं तर म्हणाली, "गारठा आहे." कडक ऊन पडलं होतं. मी पाटीवर लिहून विचारलं, किती जणी हव्यात. तिने बोटांनी सांगितलं. एवढी शहाणी बाई मी गावात दुसरी पाहिली नाही, आणि हे मी तिला बोलूनही दाखवू शकत नव्हते, कापसामुळे.

राहिली मी. पुढच्या सकाळी तोफू घेऊन ओसरीवर गेले. जिभेला हाड नसतं म्हणतात, माझ्या जिभेला त्या दिवशी सांधासुद्धा नव्हता. तोंड उघडलं असतं तर काय बाहेर पडलं असतं, देव जाणे, आणि देव तर तिथेच बसलेला. मी वाडगा ठेवला.

"तोफू," म्हटलं.

आतून काही आवाज नाही. कागदावर त्याची सावली होती, ती हलली नाही. मग तो म्हणाला, "ठेव."

फोन आला का, हे त्याने विचारलं नाही. मी पायऱ्या उतरून आले. वाटलं, जमलं. दुसऱ्या दिवशीही तेच. मला माझा अभिमानच वाटायला लागला होता.

त्याच दिवशी गेंगो दुकानात आला. "शहरात जातोय. नैवेद्याचा कार्प मासा आणायला. येतेस?"

कार्प आमच्याच तळ्यात रग्गड होते. मी दुकान बंद केलं आणि टेम्पोत बसले. वाटभर तो एक शब्द बोलला नाही, मीही नाही. मला सवय होत चालली होती. हिसायोच्या गल्लीत त्याने टेम्पो तिच्या घरासमोर उभा केला, पण इंजिन चालूच ठेवलं आणि उतरला नाही.

"मी आलेलो नाही," तो म्हणाला.

"मग कुठे आहेस?"

"रस्त्यावर. रस्ता सरकारचा आहे."

हिसायोने आवाज ऐकून वरच्या मजल्याची खिडकी उघडली. आम्हाला बघितलं. काही न विचारता आत गेली आणि दुसरी खिडकी उघडली, मग तिसरी, पडदे बाजूला केले. खालून छत आणि एक दिवा एवढंच दिसत होतं. गेंगोने डोक्याचा रुमाल काढला आणि स्टिअरिंगवर कपाळ टेकलं. हॉर्न वाजला. शेजारची बाई बाहेर येऊन बघायला लागली. तो तसाच टेकलेला, आणि हॉर्न वाजतोय. मी त्याच्या खांद्याला धरून मागे ओढलं तेव्हा थांबला.

"माफ कर, काकू," तो छताकडे बघून म्हणाला. हॉर्नबद्दल म्हणाला की कशाबद्दल, मी विचारलं नाही. मला वाईट वाटत होतं, इतकं की त्याला रेडिओचंही माफ करून टाकलं, त्या दिवसापुरतं.

मग त्याने खरोखरच कार्प विकत घेतला. महाग पडला, आणि आमच्या तळ्यातल्यापेक्षा लहान होता.

उत्सवाच्या आदल्या दिवशी पुढचा यजमान देव मागायला येतो. ही रीत आहे. दोघांनी आमनेसामने बसायचं, तीन पेले साके घ्यायची, ठरलेली वाक्यं बोलायची, मग चार अवांतर गोष्टी करायच्या आणि उठायचं. मासुएच्या कानांत कापूस, म्हणून वाढायला मी होते. मधल्या दारापाशी पुजारीबुवा, ओसरीवर बाकीचे मानकरी.

ठरलेली वाक्यं झाली. तिसरा पेला झाला. आता अवांतर. तामेकिची नदीच्या पाण्याने आणि उपासाने वाळला होता, पण ताठ बसला होता. तो गेंगोकडे सरळ बघत होता. गेंगोच्या कपाळावर घाम आला.

"मुळे कसे आलेत?" तामेकिचीने विचारलं.

"बरे आलेत."

"काढले?"

"निम्मे."

गेंगोने रिकामा पेला उचलला, तोंडाला लावला, खाली ठेवला. मला दिसत होतं की गडी आता फुटतो. त्याने फक्त दोन शब्द उच्चारले असते तर तामेकिचीचं आसन गेलं असतं, आणि गेंगो एक जागा वर सरकला असता, आणि कोणी त्याला दोषही दिला नसता. शोक अनावर झाला म्हणाले असते.

"तामेकिची," तो म्हणाला, "तुला एक सांगायचंय."

पुजारीबुवांनी दार धरलं. ओसरीवरचा एक मानकरी चक्क उठून अंगणात गेला. माझ्या हातातली सुरई कलंडली आणि साके चटईवर सांडली. कोणी तिकडे बघितलंही नाही.

"सांग," तामेकिची म्हणाला.

"पाटाची फळी," गेंगो म्हणाला. "मीच उचलत होतो. दर उन्हाळ्यात. लढाईवरून तू परत आलास त्या वर्षापासून."

पुजारीबुवांनी दार सोडलं.

"माहीत आहे," तामेकिची म्हणाला.

"मागच्या वर्षी बदकंही."

"बदकं तू नेलीस?"

"दोन."

"ते नव्हतं माहीत." तामेकिचीने थोडा विचार केला. "आणखी काही?"

गेंगोने मान खाली घातली. "आणखी काही नाही," तो म्हणाला. "मुळे यंदा बरे आलेत."

"हो, म्हणालास मघाशी."

गेंगो उठला, वाकला आणि गेला. अंगणातला मानकरी परत आला आणि हळूच विचारायला लागला, काय झालं, काय झालं. बदकं, मी म्हटलं.

उत्सवाचा दिवस स्वच्छ उजाडला. तामेकिची पांढऱ्या कपड्यांत, श्वास देवाला लागू नये म्हणून तोंडाला पान बांधून, पेटी छातीशी धरून देवळाच्या दगडी पायऱ्या अनवाणी चढला. पेटी नेताना मागे बघायचं नाही. त्याने बघितलं नाही. ढोल वाजत होते, अळकुड्यांचे मनोरे रचले होते, आणि सगळ्यांत वर शहरातला तो किरकोळ कार्प. पूजा झाली. मानकरी आपापल्या आसनांवर बसले, आणि तामेकिची आपल्या घराच्या आसनावर बसला, जिथे त्याचा बाप बसायचा राहून गेला होता. मी कमानीजवळ उभी राहून बघत होते. माझ्या डोळ्यांना पाणी आलं, पण मी यजमान नाही, मला चालतं.

संध्याकाळी पेटी शेवटची म्हणून तामेकिचीच्या घरी आली. दोघं गुडघ्याला गुडघा लावून बसले. पुजारीबुवांनी मंत्र म्हटले. पेटी तामेकिचीच्या मांडीवरून गेंगोच्या मांडीवर सरकली. या वेळी कोणी बोलत नाही. सरकताना तामेकिचीचा हात गेंगोच्या हाताला लागला, आणि त्याने तो नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ तिथे ठेवला. मग काढला.

झालं. घराचं आसन वाचलं.

तामेकिची यजमान राहिला नव्हता. त्याने आजूबाजूला बघितलं, मला शोधलं, आणि सगळ्यांदेखत विचारलं, "तोकिए, फोन आला का?"

मासुएने कानांतला कापूस काढला आणि मुठीत धरला. पुजारीबुवा पटकन म्हणाले, "थांब. आधी देव बाहेर जाऊ दे." बातमी उच्चारली की ते घर सुतकाचं, आणि देव सुतकाच्या घरात असता कामा नये. गेंगो उठला. पेटी छातीशी घेऊन तो दारापर्यंत गेला. मागे बघायचं नव्हतंच. पुजारीबुवा आणि मानकरी कंदील घेऊन त्याच्या मागे निघाले. ढोल सुरू झाला. अंगण ओलांडलं, फाटक ओलांडलं.

आता बोलायला हरकत नव्हती. खोलीत आम्ही तिघंच उरलो होतो, आणि माझ्या तोंडून शब्द फुटेना. इतकी वर्षं गावातला प्रत्येक जन्म, लग्न, काडीमोड आणि मरण सगळ्यांत आधी मी सांगितलं. इतके दिवस तोंडात धरून ठेवलेली ही पहिलीच गोष्ट. मी तोंड उघडलं आणि मिटलं.

"मला माहीत आहे गं," तामेकिची म्हणाला.

"कोणी सांगितलं?" मी घाबरून विचारलं.

"तू. त्या दिवशी आलीस आणि नुसतं 'तोफू' म्हणालीस. जन्मात तू कधी नुसतं 'तोफू' म्हणाली नाहीस."

मी त्याच्यासमोर खाली बसले.

"पण ते ऐकणं नव्हे," तो म्हणाला. त्याचे हात अजून पेटी धरल्यासारखे मांडीवर होते. "सांग ना, तोकिए. कोणी सांगितल्याशिवाय मला रडता येत नाही."

मग मी सांगितलं. "कोमायोकाकू गेली. हिसायो पेज भरवत होती. अळणी आहे म्हणाली, आणि गेली."

"अळणी," तो म्हणाला. मग तो पुढे वाकला आणि कपाळ चटईला टेकून रडला. लहान मूल रडतं तसा, मोठ्याने, दार उघडंच. मासुएने त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि तीही रडली. मी दार लावायला उठले.

रस्त्यावर मिरवणूक थांबली होती. कंदिलांच्या मधोमध गेंगो पेटी धरून उभा होता, आमच्याकडे पाठ करून. त्याचे खांदे वर ओढले गेले होते. मला त्याचा आवाज ऐकू आला, "ढोल वाजवा रे. जोरात वाजवा. काय मेल्यासारखे वाजवताय?" त्यांनी जोरात वाजवला. "आणखी," तो ओरडला. ठेका पार चुकला, कोणाचं पाऊल कोणाशी जुळेना, आणि ते तसेच वाजवत वळणापलीकडे गेले. मग मी दुकानात जाऊन हिसायोला फोन लावला.

काकूच्या मयताला सगळं गाव आलं, एक घर सोडून. पाटाची फळी त्या वर्षी जागची हलली नाही. उन्हाळ्यात तामेकिचीने ती स्वतःच जाऊन अर्धी उचलून ठेवली, आणि तसं गेंगोला सांगायला त्याला रस्त्याच्या पलीकडून ओरडावं लागलं, कारण सुतकाच्या घरचा माणूस देवाच्या अंगणात जात नाही. माझ्या जिभेचं हाड पुन्हा नाहीसं झालं. लोक म्हणाले, बरं झालं, ही गप्प बसली की उगाच जीव धास्तावतो.

पुढच्या उत्सवाला देव गेंगोच्या मांडीवरून उतरला. दुसऱ्या दिवशी सकाळी, मी दुकान उघडत होते तेव्हा तो पायरीशी उभा होता, आदल्या दिवसाच्या पांढऱ्या कपड्यांत. झोपलेला दिसत नव्हता.

"काय देऊ?" मी विचारलं.

"आता मला सांग."

"काय सांगू?"

"तेच. त्याला सांगितलंस ते."

त्याला सगळं माहीत होतं. फोन आला तेव्हा तो समोर उभा होता. पण मी हात पुसले, त्याच्यासमोर तोफूचं रिकामं खोकं पालथं घातलं, आणि तो बसल्यावर सांगितलं. कोमायोकाकू गेली. पेज अळणी आहे म्हणाली, आणि गेली.

मग मी दुकानाची फळी परत लावून घेतली, कारण समोरून गिऱ्हाईक येत होतं.